रिकामी परत न दिलेली गाडी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात उसनी आणलेली एकही वस्तू परत दिल्याशिवाय ठेवली नाही, आणि एकही वस्तू आणली तशी परत दिली नाही. ग्लासगोतल्या त्यांच्या रस्त्यावर हे आता लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या निवृत्त पोस्टमनची शिडी त्यांनी एकदा आणली. ती परत गेली तेव्हा तिच्या पायांना नवे रबरी बूट होते आणि सगळ्यात वरच्या पायरीला चिवड्याची पिशवी बांधलेली होती. समोरच्या बाईंची छत्री परत गेली ती वाकलेली काडी सरळ होऊन, मूठ घट्ट होऊन, आणि पोटात बेसनाचे चार लाडू घेऊन. बाईंनी ती पाऊस आल्यावर घाईघाईनं उघडली, हा काही मामांचा दोष नव्हे. लायब्ररीचं पुस्तक परत करताना ते सुटलेली पानं चिकटवतात, छपाईच्या चुका पेन्सिलीनं सुधारतात आणि एकदा तर त्यात वेलदोड्याच्या वड्या ठेवल्या म्हणून लायब्ररीतून नम्र विनंतीचा फोन आला होता. पुढेपुढे शेजारी इतके सरावले की मुद्दाम मोडक्या वस्तू घेऊन दारात यायला लागले. "डॉक, तुला गवत कापायचं मशीन हवं होतं ना?" मामांच्या घरापुढे गवताचं एक पातं नाही, सगळी फरशी आहे. पण मामा मशीनकडे प्रेमानं बघत म्हणाले, "बरं झालं आणलंस. बरेच दिवस हवंच होतं."

भांडं रिकामं परत देऊ नये ही रीत आपल्या सगळ्यांच्याच घरात होती. माझी आई शेजाऱ्यांची वाटी परत देताना, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. मामांनी एवढंच केलं की वाटीला जो नियम होता तो जगातल्या सगळ्या वस्तूंना लावला, आणि पुढे माणसांनाही. ते भूलतज्ज्ञ. उभी नोकरी त्यांनी स्कॉटलंडच्या हॉस्पिटलांमध्ये लोकांना झोपवण्यात आणि उठवण्यात काढली. "झोपवायला काय, कोणीही झोपवेल," ते सांगत. "पेशंट म्हणजे नातेवाइकांकडून दोन तासांसाठी उसना आणलेला माणूस. तो नुसता परत देऊन भागत नाही. जरा बरा करून द्यायचा."

अशा माणसाबरोबर मी मागच्या उन्हाळ्यात भाड्याच्या कॅम्परमधून आठवडाभर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये हिंडलो. कॅम्पर म्हणजे पाठीवर घर घेतलेली व्हॅन: पुढे दोन सीट, मागे बिछाने, शेगडी, फ्रिज, आणि कोपऱ्यात एक संडास, ज्याची टाकी रोज सकाळी माणसानं स्वतःच्या हातानं बाहेर काढून, नेऊन ओतायची असते. ट्रिपची कल्पना माझ्या बायकोची, अनघाची. मामी गेल्यापासून मामा एकटे पडलेत, त्यांना जरा बाहेर ने, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. एकट्या मला ती लंडनमध्ये, ईलिंगच्या आमच्या किचनमध्ये वेगळंच म्हणाली होती.

झालं असं होतं की त्या शिडीवाल्या पोस्टमननं तिला फोन केला होता. मामांची गाडी फाटकाच्या डाव्या खांबाला लागली होती. त्याआधी कोणाच्या तरी उभ्या गाडीचा आरसा गेला होता, त्याआधी कौन्सिलचा कचऱ्याचा डबा. "डॉकची गाडी हल्ली डावीकडे जरा जास्तच प्रेमानं झुकते," असं तो म्हणाला म्हणे. स्कॉटिश माणूस काळजीची गोष्ट अशीच सांगतो.

"तू त्याला विचार," अनघा म्हणाली. "गाडी सोड म्हणावं."

"मी? तुझा मामा आहे."

"म्हणूनच. माझं तो हसण्यावारी नेईल. तू जावई आहेस, तुला उलटून बोलणार नाही. आणि मिलिंद, कॅम्पर परत द्यायच्या आत विचार. तिथून तो स्वतःची गाडी घेऊन घरी निघणार आहे."

तेही खरंच होतं. मामांची छोटी निळी गाडी कॅम्परवाल्यांच्याच डेपोत उभी करून आम्ही निघणार होतो, आणि आल्यावर मामाच ती चालवणार होते. ती गाडी त्यांनी आजवर दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेली नाही. बाजाराला तीच, समुद्राकाठी तीच, हॉस्पिटलमधल्या जुन्या नर्सला संधिवाताच्या डॉक्टरकडे न्यायलाही तीच. मामी गेल्यावर त्या घरातून बाहेर पडायचं एकच दार उरलं होतं, आणि ते मी बंद करायचं होतं.

मी कसा माणूस आहे हेही इथं सांगून टाकतो. शेजारच्या घराचा अलार्म वाजायला लागला तरी मला वाटतं, माझंच काहीतरी राहिलं. अशा माणसानं हे काम पोटात ठेवून सबंध आठवडा मामांच्या हातची खिचडी खाल्ली. ते तुपाची धार सोडायचे आणि मी ताटाकडे बघत राहायचो. रोज सकाळी ठरवायचो, आज विचारू. रोज संध्याकाळी अनघाचा मेसेज यायचा, "विचारलंस?" आणि मी तिला तळ्याचा फोटो पाठवायचो.

कॅम्पर चालवायला मामांना परवानगी नव्हती. त्यांच्या वयाला भाड्याची गाडी चालवायला द्यायची नाही असा त्या कंपनीचा नियम. मामांनी तो शांतपणे मानला आणि आठवडाभर माझ्या डाव्या हाताला बसून मला ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटसारखं चालवलं. "श्वास घे. सोड. आता गिअर. घाई नाही. समोरून बस येतेय, ती तुझी शत्रू नाही." अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट देऊन मी थांबलो की ते माझं मनगट हलकेच धरत आणि घड्याळाकडे बघत. ठोके मोजून झाल्यावर म्हणत, "हं, चालेल. घे पुढे."

आणि जिथं थांबू तिथं ते कॅम्पर सुधारत. पहिल्या मुक्कामाला त्यांनी गळका नळ बंद केला. स्काय बेटावर पडद्याच्या तुटलेल्या आकड्या तारेनं नव्या केल्या. फोर्ट विल्यमला पोचेपर्यंत खणांचा खडखडाट थांबला होता, कारण प्रत्येक खणाच्या मागे बाटलीच्या बुचाची चकती बसली होती. संडासाची टाकी तर ते इतकी निगुतीनं धुवायचे की एका कॅम्पसाइटवर रांगेतल्या जर्मन गृहस्थांनी आपलीही टाकी आदरपूर्वक त्यांच्यापुढे धरली. मामांनी ती घेतली. ती परत करताना तिच्यात काही घालता येईना, याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत होतं. शेवटी जर्मनांच्या गाडीजवळ जाऊन ते बाकरवडीचं पाकीट देऊन आले.

शेवटच्या दिवशी आम्ही लॉख लोमंड तळ्याच्या काठी होतो. बाराच्या आत डेपोत पोचायचं होतं, कारण बारानंतर तीच कॅम्पर दुसऱ्या कुटुंबाला जायची होती. मी आदल्या संध्याकाळीच बिछाने आवरून ठेवले होते. सकाळी चहा घेतला, सांडपाणी सोडलं, आणि मनाशी म्हटलं, आता गाडीत बसलो की पहिल्याच वळणाला विचारायचं. किल्ली लावायला गेलो तर मागून धातूचा आवाज आला. वळून बघतो तर मामा लेंगा-बनियनवर बाजूच्या दारापुढे गुडघे टेकून बसले होते आणि दाराची अख्खी कडी त्यांच्या हातात होती.

"मामा, हे काय?"

"दोनदा ओढल्याशिवाय हे दार लागत नाही. आठवडाभर बघतोय."

"पण ते आपल्याला मिळालं तेव्हाच तसं होतं!"

"तेच तर," मामा म्हणाले. "तसंच परत द्यायचं?"

"मामा, बाराच्या आत पोचायचंय."

"जावईबापू, तुम्ही बाहेरून टॉर्च धरा."

एरवी ते मला अरे-तुरे करतात. जावईबापू आणि तुम्ही आलं की समजावं, आता वाद संपला. मी टॉर्च धरला. उघड्या दारातून त्या तळ्याकाठचे बारीक चावरे किडे झुंडीनं आत शिरले. ते माझ्या कानात, भुवयांत, बाहीत घुसत होते आणि मामा त्यांच्याशी काही संबंध नसल्यासारखे स्प्रिंग साफ करत होते. तळावरच्या इतर गाड्या एकेक करून निघून गेल्या. एका बाजूला घड्याळ, दुसऱ्या बाजूला तो प्रश्न.

मग मामा म्हणाले, "एक स्क्रू पडला बघ." आणि त्यांनी चाचपायला सुरुवात केली. उजवीकडे बघितलं, समोर बघितलं, पायपुसणं झटकलं. स्क्रू त्यांच्या डाव्या गुडघ्यापाशी पडला होता. पांढऱ्या लिनोलियमवर काळा स्क्रू. हात लांबही करावा लागला नसता. मामांची नजर तिथपर्यंत यायची आणि जणू तिथं जमीनच संपते तशी मागे फिरायची. एकदा त्यांच्या बोटाचा धक्का लागून तो जरासा घरंगळला, तरीही त्यांना दिसला नाही.

खांब, आरसा, कचऱ्याचा डबा, हे सगळे तोवर मला पोस्टमनचे किस्से वाटत होते.

"मामा," मी म्हटलं, "डावीकडे आहे."

मामांनी नुसते डोळे वळवले नाहीत. खांद्यापासून सबंध मान वळवली आणि स्क्रू उचलला. "चष्म्यावर काहीतरी पडलंय," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाला पुसत बसले. काच मला माझ्या जागेवरूनही स्वच्छ दिसत होती. ते बराच वेळ पुसत होते, आणि मी बराच वेळ किडे झटकत होतो.

एवढं करूनही कडी पुरती बसली नाही. एक स्प्रिंग आणखी थोडी वाकवायला हवी होती आणि त्यासाठी लागणारी पक्कड मामांच्या गाडीत, म्हणजे डेपोत होती. तेव्हा मामांनी आपला लांब पंचा दाराच्या मुठीतून ओवला, सीटांच्या मधून पुढे आणला आणि त्याचं टोक हाताला गुंडाळून, पँट चढवून माझ्या शेजारी येऊन बसले. "दार माझ्याकडे," ते म्हणाले. "रस्ता तुझ्याकडे. निघ."

तो तळ्याकाठचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपल्याच घरात शिरणार असं वाटतं. आमच्यापुढे लाकडाचे ओंडके नेणारी एक लॉरी होती आणि ती बैलगाडीच्या वेगानं चालली होती. प्रत्येक वळणावर बाजूचं दार फटकन उघडू बघायचं आणि मामा पंचा खेचायचे. शेवटी मी विषय काढला.

"मामा, एक विचारायचं होतं."

"विचार. आधी तिसरा गिअर."

मी गिअर बदलला. "तुमच्या गाडीबद्दल..."

एवढ्यात फोन वाजला. अनघाचं नाव समोरच्या पडद्यावर आलं. ती फोन उचलल्या उचलल्या काय बोलेल हे मला माहीत होतं, आणि तो आवाज सगळ्या कॅम्परभर ऐकू येणार होता. मी फोन कापला.

"कापलास?" मामा म्हणाले. "भांडलात का?"

"नाही, नाही. नंतर करतो."

"बायकोचा फोन कापू नये. मी कापायचो. मग नंतर कोणाला करणार?" एवढं बोलून त्यांनी पंचा दुसऱ्या हाताला गुंडाळून घेतला. यानंतर, तुम्हीच सांगा, मी काय विचारणार होतो?

पेट्रोल पंपावर टाकी भरून द्यायची होती. मी डिझेल भरतोय तोवर मामांनी पंपावरचाच काच पुसायचा दांडा घेऊन कॅम्परच्या सगळ्या काचा धुतल्या. मग तो दांडा सैल आहे असं लक्षात आल्यावर खिशातून चिकटपट्टी काढून त्याची मान घट्ट करून ठेवली. मी मनात म्हणत होतो, आता. इथं. उभ्याउभ्या. पण डाव्या बाजूची खालची काच तेवढी कोरडी राहिली होती. उरलेल्या काचा आरशासारख्या चमकत होत्या आणि त्या एकीवर आठवडाभराचा चिखल तसाच होता. मी गुपचूप ती पुसून टाकली. मामांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही. बघितलं असावं.

डेपोत शिरलो तेव्हा बाराला थोडासाच वेळ उरला होता. शहराबाहेरच्या गोदामांच्या वस्तीत एक आवार, त्यात ओळीनं उभ्या कॅम्पर, एक पत्र्याचं ऑफिस आणि मॉरीन नावाची एक धिप्पाड बाई. तिचं ग्लासगोचं इंग्लिश मला निम्मंच कळतं. पुढचं कुटुंब आधीच येऊन बसलं होतं: नवरा-बायको, बॅगांचा ढीग, आणि भिंतीजवळ घडीच्या खुर्चीत, मांडीवर पर्स धरून, एक म्हाताऱ्या आजी. आम्ही थांबताच मामा धावत आपल्या निळ्या गाडीकडे गेले, पक्कड घेऊन आले आणि मॉरीन पुढच्या टायरपासून तपासत मागे येईपर्यंत कडी बसवून मोकळे झाले. तिनं दाराला एक बोट लावलं. दार हलकेच जाऊन लागलं.

मॉरीन थबकली. तिनं ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"या दाराला कोणी हात लावला?"

"सॉरी," मी म्हटलं. "आम्ही... म्हणजे मी..."

"मी," मामा म्हणाले. "स्प्रिंग उलटी बसवली होती तुमच्या माणसानं. नळाचा वॉशरही बदललाय. मागचा उजवा खण आता आवाज करणार नाही."

मॉरीननं त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिलं. मग आत चढली आणि फ्रिज उघडला. आत स्टीलचा डबा होता, आणि तो मी पाहिलेला नव्हता. "तुमचं जेवण राहिलंय, डार्लिंग."

"राहिलेलं नाही. ठेवलंय."

"गाडी रिकामी द्यायची असते. नियम आहे."

"आमच्यात रिकामी देत नाहीत," मामा म्हणाले.

"कशात काय देत नाहीत?"

"काहीच. घेतलेली वस्तू रिकामी द्यायची नाही. शंकरपाळे आहेत. गोड. तुम्ही घ्या, त्या पुढच्या लोकांना द्या. डबा मात्र मला परत हवाय. त्यात काही घातलं नाहीत तरी चालेल."

मला वाटलं, आता कॅम्परबरोबर आम्हालाही ताब्यात घेतात. मॉरीननं डबा उघडला, एक शंकरपाळा तोंडात टाकला, चावला, आणि मग दोन मुठी भरून काढून ओव्हरऑलच्या खिशात घातले. "हे नियमात बसत नाही," ती म्हणाली आणि आणखी एक खाल्ला. मला म्हणाली, "तू आत जाऊन सही कर."

मी आत गेलो. इतकं हलकं मला आठवडाभरात वाटलं नव्हतं. सही करता करता खिडकीतून बाहेर पाहिलं. मॉरीन मामांना काहीतरी सांगत होती, हातानं दाखवत होती: मागे, भिंतीला लागून, डावीकडे. आणि तिनं किल्ली मामांच्या हातावर ठेवली. तिला कुठलं माहीत असणार? तिच्या दृष्टीनं दोन माणसं गाडी घेऊन आली होती, त्यातला एक सह्या करत होता, दुसरा मोकळा होता. मामा चढले. इंजिन सुरू झालं. मागे जाताना वाजणारी ती पिपाणी वाजायला लागली. आणि भिंतीजवळ, कॅम्परच्या डाव्या अंगाला, घडीच्या खुर्चीतल्या आजी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

पेन फेकून मी धावलो. टेबल ते दार, दार ते आवार. त्या तेवढ्याशा अंतरात मला जे वाटलं ते लिहायला अजूनही जड जातं. मला आधी आजी नाही आठवल्या. मला आठवलं की हे फक्त मला माहीत आहे. सकाळपासून माहीत आहे. टॉर्च माझ्याच हातात होता. मी "मामा!" म्हणून ओरडलो.

कॅम्पर टीचभर मागे सरकली आणि थांबली. पिपाणी बंद झाली. मग इंजिनही बंद झालं.

मामा खाली उतरले. माझ्याकडे न बघता ते गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि आजींच्या समोर उभे राहिले. खुर्ची आणि कॅम्पर यांच्यात पुष्कळ अंतर होतं. आजींनी मान वर करून "लव्हली डे" असं काहीतरी म्हटलं. मामांनी त्यांना वाकून नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, जसा देवळात करतात तसा. मग मॉरीनपाशी येऊन त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली.

"तुम्हीच घ्या," ते म्हणाले. "या बाई तिथं बसल्यात हे मला माहीत होतं. मी चढताना पाहिलं होतं. पण आरशात पाहिलं तर त्या दिसल्या नाहीत."

"नो बॉदर, डार्लिंग," मॉरीन म्हणाली आणि शंकरपाळा चावत गाडीत चढली. तिला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. आरशात न दिसणं हे तिच्या आवारात रोजचंच असणार.

मामा मात्र आपला हात डोळ्यांसमोर धरून हळूहळू डावीकडे नेत उभे होते. एका जागी हात थांबला. तो त्यांनी परत मागे आणला, पुन्हा नेला. तिथंच थांबला. डॉक्टरनं पेशंटचं तपासावं तसं त्यांनी ते नीट, दोनदा तपासलं.

"मामा..." मी म्हटलं.

"पेशंटांना मी सांगायचो," ते म्हणाले, "चष्म्याचा दोष आहे असं स्वतःला समजावत बसू नका." आणि चालायला लागले.

आम्ही त्यांच्या निळ्या गाडीकडे निघालो. मी मनात शब्द जुळवत होतो. सॉरी, अनघाला वाटतं, आम्हा सगळ्यांनाच वाटतं. मामांनी गाडी उघडली. मग ते डाव्या दाराकडे गेले, पाहुण्याच्या दाराकडे, आणि किल्ली टपावरून माझ्याकडे सरकवून आत जाऊन बसले.

मी बसलो तर माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. मामा माझ्याहून वीतभर तरी बुटके.

"सीट मागे घे," ते समोर बघत म्हणाले. "खाली दांडा आहे. जोर लावावा लागेल. ती अडकलीय. कधी हलवायची वेळच आली नाही." मी खूप जोर लावला. सीट किंचाळत मागे गेली. मामांनी डोळे मिटून घेतले, आणि उघडल्यावर म्हणाले, "लायसन्सवाल्यांना मी उद्या कळवतो. तू काही करू नको. श्वास घे. आता पहिला गिअर."

आवाराच्या बाहेर पडतोय तोच फोन आला. माझा फोन मामांच्या मांडीवर होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"मिलिंद! किती वेळा करतेय मी! विचारलंस की नाही मामाला?"

माझे कान तापले. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"विचारलं गं," मामा म्हणाले. "फार नीट विचारलं त्यानं. मी हो म्हटलं."

"मामा? तू रागावलास का रे?"

"रागावलो होतो. स्कायला. तुझा नवरा तूप वाढलं की असं तोंड करतो, जसं काही मी त्याला विष घालतोय. तेव्हाच कळलं, तू काहीतरी काम देऊन पाठवलंयस. आता नाही रागावलेलो. तू बोलू नको जास्त. तो चालवतोय."

त्यांनी फोन बंद केला. मी म्हटलं, "मामा, मी विचारलं नव्हतं."

"माहितीये मला," ते म्हणाले. "पुढे सिग्नल आहे."

सिग्नल लाल होता. मी थांबलो. इथपर्यंत त्यांनी मला गिअर, आरसा, इंडिकेटर सगळं सांगितलं होतं. आता ते काहीच सांगेनात. मला वाटलं, आता रडताहेत की काय, आणि बघायचं धाडस होईना. शेवटी बघितलं. त्यांनी खांद्यापासून मान वळवून चेहरा डाव्या काचेला अगदी टेकवला होता. रस्त्याच्या त्या अंगाला कुंपणापलीकडे एक बोलिंग ग्रीन, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या खेळाचं मैदान होतं, कापडासारखं सपाट हिरवं. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं वाकून वाकून काळे चेंडू सोडत होती आणि चेंडू कुठं थांबतोय ते कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हे इथं कधीपासून आहे?" मामा म्हणाले.

"मला काय माहीत मामा? तुमचा रोजचा रस्ता."

"रोजचा," ते म्हणाले. "पण मी समोर बघत असायचो."

एका बाईंचा चेंडू वळण घेत घेत जाऊन दुसऱ्याला अलगद टेकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काचेतून आवाज आला नाही. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी गिअर टाकला तसा मामांचा हात माझ्या मनगटावर आला, पण या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"हळू घे," काचेकडून तोंड न वळवता ते म्हणाले. "अजून जरा दिसतंय."